अक्षरांना धातूची झळाळी
उठावदार सोनेरी अक्षरे फोटोशॉपमध्ये घडविताना प्रकाश, प्रतिबिंब आणि सावली यांचा मेळ कसा घालावा?

दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, चित्रपटांची पोस्टर्स आणि चौकाचौकांतील फलक यांवर सोनेरी, चंदेरी किंवा पितळी उठावदार अक्षरांची रेलचेल असते. यांपैकी बहुतेक अक्षरे कोणत्याही सोनाराने वा ओतकाम करणाऱ्या कारागिराने घडविलेली नसतात. ती संगणकावर छायाचित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झालेली असतात. मात्र त्यांतील फारच थोडी अक्षरे खरोखर धातूची वाटतात. बाकीची पिवळ्या प्लॅस्टिकची किंवा लोण्यात कोरल्यासारखी दिसतात. सॉफ्टवेअर तेच, आज्ञाही त्याच. मग फरक कुठे पडतो? धातू डोळ्याला धातू म्हणून का जाणवतो, हे समजून न घेता केवळ बटणे दाबली जातात, तेथे हा फरक पडतो.

धातू म्हणजे प्रतिबिंब

रंगविलेल्या भिंतीवर किंवा प्लॅस्टिकच्या बादलीवर प्रकाश पडला की त्याचा काही भाग पृष्ठभागाच्या आत शिरतो, विखुरतो आणि वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. उरलेला थोडा भाग वरच्यावर परावर्तित होतो आणि तो दिव्याच्याच रंगाचा असतो. म्हणूनच लाल बादलीवरचा चकाकणारा ठिपका पांढरा दिसतो. धातूचे तसे नाही. त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाला आत शिरू देत नाहीत. तो पृष्ठभागावरूनच परततो. चांदी दृश्य प्रकाशातील जवळजवळ सर्व रंग सारखेच परतवते, तर सोने निळा रंग बऱ्याच प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे सोन्यावरची चकाकीसुद्धा पिवळसर असते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की सोनेरी अक्षरावरची चमक शुभ्र पांढरी आणि छाया निव्वळ काळी ठेवली, तर ते अक्षर प्लॅस्टिकचे भासणारच. दुसरी अधिक महत्त्वाची. घासूनपुसून लखलखीत केलेला धातू स्वतःपेक्षा आपला परिसरच जास्त दाखवितो. पितळी तांब्याकडे निरखून पाहिल्यास खिडकीचा उजळ पट्टा, त्याला लागून गडद कडा, खाली जमिनीची छटा असे सारे त्यात वाकलेले दिसते. उजेड आणि अंधार यांच्यातील हा अचानक बदल, ही तीव्र सीमारेषा, हीच धातूची खूण. हळूहळू विरघळत जाणारी छटा मातीच्या वा रबराच्या वस्तूची असते.

एअरब्रशने क्रोमची अक्षरे रंगविणाऱ्या चित्रकारांना हे रहस्य संगणकापूर्वीच ठाऊक होते. वर निळे आकाश, क्षितिजाजवळ ते फिकट होत जवळजवळ पांढरे, त्याखाली एकदम गडद जमीन आणि पुढे पुन्हा उजळ वाळू असे वाळवंटातील दृश्यच ते अक्षरात भरीत. फोटोशॉपमध्ये अनेक वर्षे 'क्रोम' नावाचा जो तयार ग्रेडियंट मिळत असे, तो याच निसर्गदृश्याची संक्षिप्त आवृत्ती होती.

डोळ्याचा समज आणि संगणकाचे गणित

सपाट पडद्यावरचे अक्षर वर आलेले भासते, याचे श्रेय मेंदूच्या एका सवयीला जाते. सूर्य डोक्यावर असणाऱ्या जगात वावरल्यामुळे प्रकाश वरूनच येतो, असे आपला मेंदू गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८मध्ये या विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. वरून उजळ आणि खाली गडद असलेली वर्तुळे फुगीर दिसतात. तीच उलटी केली की खोलगट भासतात. संपूर्ण दृश्यावर एकाच दिव्याचा प्रकाश पडत आहे, असेही मेंदू मानतो.

शिवकालीन शिवराई नाण्यावरची अक्षरे उठावाची, तर ताम्रपटावरची कोरलेली. छायाचित्रात या दोहोंतील फरक कळतो तो केवळ कोणती कड उजळ आणि कोणती गडद, यावरून. त्यामुळे एकाच चित्रात अक्षरावरचा प्रकाश डावीकडून आणि सावलीही डावीकडेच पडलेली असेल, तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण चित्र खोटे वाटते.

संगणक मात्र यातले काही जाणत नाही. फोटोशॉपला धातू म्हणजे काय हे ठाऊक नसते. अक्षराच्या कडेपासून प्रत्येक बिंदू किती आत आहे हे अंतर तो मोजतो आणि त्या अंतरालाच उंची समजतो. या काल्पनिक उतारांपैकी जे दिव्याकडे तोंड करून आहेत ते उजळ आणि जे पाठ फिरवून आहेत ते गडद, असा त्याचा सरळ हिशेब असतो. १९९०मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली तेव्हा हीच गोष्ट कलाकाराला हाताने करावी लागे. अक्षराची प्रत वेगळ्या चॅनेलमध्ये धूसर करायची, ती थोडी सरकवायची आणि मूळ अक्षरावर उजळ व गडद कडा उमटवायच्या, अशी ती खटपट होती. १९९८मधील पाचव्या आवृत्तीत लेअर इफेक्ट्स आले, २००० सालच्या सहाव्या आवृत्तीत लेअर स्टाइलची सविस्तर चौकट मिळाली आणि तासाभराचे काम काही मिनिटांवर आले. सोय वाढली, तशीच एकसारखी दिसणारी प्लॅस्टिकची अक्षरेही वाढली.

अक्षराची निवड आणि देवनागरीची पथ्ये

निम्मे यश योग्य टंक निवडण्यात असते. इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या सूचना मराठीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. 'सुवर्ण' हा शब्द घेतल्यास त्यात वर रफार, खाली उकार, मध्ये शिरोरेषा आणि 'ण'मधील अरुंद फट आहे. धातूच्या उतारासाठी जागा लागते. रेघ बारीक असेल तर दोन्ही बाजूंचे उतार मध्येच एकमेकांना भिडतात आणि सपाट माथा उरतच नाही. जाड-बारीक रेषांच्या टंकात मग जाड भागाला माथा आणि बारीक भागाला धारदार कणा, असा विसंवाद निर्माण होतो. म्हणून ठसठशीत आणि शक्य तितक्या एकसारख्या जाडीचा टंक घ्यावा. 'एक टाइप' या मुंबईतील संस्थेचे 'मुक्ता' व 'बलू' हे मुक्त परवान्याचे टंक जाड वजनांत उपलब्ध असून या कामाला चांगले आहेत. 'मोदक' हा टंक गुबगुबीत असला तरी त्यातील फटी अतिशय अरुंद असल्याने तेथे उतार बेताचाच ठेवावा.

दुसरे पथ्य शिरोरेषेचे. अक्षरांमधील अंतर वाढविले की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक तुटलेल्या टोकाला स्वतंत्र उतार मिळून शब्दाचे तुकडे दिसू लागतात. त्यामुळे 'ट्रॅकिंग' शून्यच ठेवावे. तरीही दोन अक्षरांच्या सांध्यावर केसाएवढी फट राहिली, तर उठाव देताच तिची खाच बनते. अशा वेळी मजकुराचे 'कन्व्हर्ट टू शेप'द्वारे आकारात रूपांतर करून 'मर्ज शेप कंपोनंट्स' ही आज्ञा द्यावी. सर्व अक्षरे एकसंध होतात. त्यापूर्वी शुद्धलेखन तपासून घ्यावे, कारण आकार झाल्यावर मजकूर बदलता येत नाही. नव्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी नीट बसते. थोड्या जुन्या आवृत्तीत वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटल्यास परिच्छेदाच्या पर्यायांतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडावा.

प्रत्यक्ष कृती

१. सुमारे २४०० बाय १२०० पिक्सेलची नवी फाइल उघडावी. पार्श्वभूमी गडद राखाडी ठेवून मध्यभागी किंचित उजळ करावी. निव्वळ काळ्या पार्श्वभूमीवर सावली दिसत नाही आणि सावलीवाचून उठाव पटत नाही.

२. शब्द टाइप करून तो इतका मोठा करावा, की उभ्या दांड्याची जाडी साधारण ६० पिक्सेल भरेल. पुढील सर्व आकडे या जाडीला धरून आहेत.

३. लेअर स्टाइलमधील 'ग्रेडियंट ओव्हरले' निवडून कोन ९० अंश ठेवावा. तळापासून माथ्यापर्यंत चार रंगथांबे द्यावेत. ० टक्क्यावर लाल २२५, हिरवा १७५, निळा ८०; ४८ टक्क्यांवर १००, ६२, १४; ५२ टक्क्यांवर २५५, २४०, १८०; आणि १०० टक्क्यांवर १९०, १३५, ४०. ४८ आणि ५२ यांच्या दरम्यान गडदातून एकदम उजळात होणारी उडी हेच आपले क्षितिज. ग्रेडियंट रफारापासून उकारापर्यंत पसरत असल्याने हे क्षितिज कधी कधी अक्षरांच्या मधोमध न येता भलतीकडेच जाते. चौकट उघडी असतानाच माउसने चित्रावर ओढून ते योग्य जागी आणता येते.

४. आता 'बेव्हल अँड एम्बॉस'. प्रकार 'इनर बेव्हल', तंत्र 'चिझल हार्ड', दिशा 'अप' ठेवावी. 'स्मूद' तंत्राने कडा गोलसर होऊन अक्षर मेणाचे वाटते. छिन्नीने तासल्याची धार 'चिझल हार्ड'मुळे येते. 'साइज' २० ते २५ पिक्सेल ठेवल्यास मध्ये सपाट माथा उरतो. ३० केल्यास, म्हणजे दांड्याच्या जाडीच्या निम्मे, दोन्ही उतार मध्यावर मिळून कणा तयार होतो. 'डेप्थ' १५० ते २५० टक्क्यांच्या दरम्यान असावी.

५. दिव्याचा कोन १२० अंश आणि उंची ३० अंश द्यावी. म्हणजे प्रकाश डावीकडून वरून येईल. 'यूज ग्लोबल लाइट'वर खूण असावी. ही एक खूण सर्व परिणामांना एकाच दिव्याखाली आणते.

६. 'ग्लॉस कंटूर'मध्ये सरळ तिरकी रेषा असते. तिच्याऐवजी 'रिंग' किंवा 'रिंग-डबल' निवडावे आणि 'अँटी-एलियस्ड'वर खूण करावी. प्लॅस्टिकपासून धातूकडे नेणारी ही सर्वांत मोठी पायरी होय. एकाच उतारावर उजळ, गडद, पुन्हा उजळ असे पट्टे उमटतात आणि त्यात परिसराचे प्रतिबिंब पडल्याचा भास होतो.

७. याच चौकटीत चमकेचा रंग शुभ्र पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा (२५५, २४५, २००) आणि छायेचा रंग काळ्याऐवजी गर्द तपकिरी (७०, ३८, ५) करावा. तांब्यासाठी हेच रंग तांबूस, पोलादासाठी निळसर राखाडी करावे लागतील.

जाडी, पोत आणि सावली

एवढ्याने अक्षराचा दर्शनी भाग तयार होतो. परंतु खऱ्या धातूच्या अक्षराला बाजू असते. त्यासाठी प्रथम या लेअरचे 'स्मार्ट ऑब्जेक्ट'मध्ये रूपांतर करावे. मूळ परिणाम आत सुरक्षित राहतात आणि हवे तेव्हा बदलता येतात. मग त्याची एक प्रत खाली ठेवून तिला 'कलर ओव्हरले'ने गर्द तपकिरी करावे. 'मूव्ह' साधन निवडून, 'ऑल्ट' दाबून ठेवून उजव्या आणि खालच्या बाणांच्या कळा आलटून पालटून दहा-बारा वेळा दाबल्या, की एकेक पिक्सेल सरकलेल्या प्रतींची चळत तयार होते. हीच अक्षराची जाडी. या सर्व प्रतींचा एक गट करून तो मूळ अक्षराखाली ठेवावा. प्रकाश डावीकडून वरून असल्याने जाडी उजवीकडे खालीच दिसावयास हवी.

आरशासारखा निष्कलंक धातू पडद्यावर खोटा वाटतो. घासलेल्या पितळेचा पोत आणण्यासाठी ५० टक्के करड्या रंगाचा नवा लेअर घेऊन 'अॅड नॉइज'ने एकरंगी कण टाकावेत. नंतर 'मोशन ब्लर' शून्य अंशात ५० पिक्सेलपर्यंत द्यावा, म्हणजे आडव्या बारीक रेघा उमटतात. हा लेअर 'सॉफ्ट लाइट' पद्धतीत ठेवून दोन लेअरच्या मधल्या रेघेवर 'ऑल्ट'सह क्लिक केले की पोत फक्त अक्षरापुरता मर्यादित राहतो. त्याची तीव्रता २० ते ३० टक्क्यांहून अधिक नसावी. रेघा जाणवल्या पाहिजेत, पण मोजता येऊ नयेत.

शेवटी सावली. ती जाडीच्या गटाला द्यावी. वस्तू भिंतीला जेथे टेकते तेथे सावली अरुंद व गडद असते, तर दूर जाताना ती पसरते आणि फिकट होते. म्हणून दोन सावल्या लागतात. पहिली चार-पाच पिक्सेल अंतराची, दाट. दुसरी पंचवीस-तीस पिक्सेल अंतराची, विरळ व धूसर. २०१५च्या आवृत्तीपासून एकाच लेअरला अनेक 'ड्रॉप शॅडो' देता येतात. त्याआधीच्या आवृत्तीत दुसरी सावली वेगळ्या लेअरवर करावी लागते.

फोटोशॉप विकत घेणे परवडत नसल्यास 'गिंप' हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. २०२५मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ चित्राला धक्का न लावता परिणाम देण्याची सोय झाली आहे. आज्ञांची नावे तेथे वेगळी आहेत. प्रकाशाचे नियम तेच.

काय बिघडले ते कसे ओळखावे?

- अक्षर प्लॅस्टिकचे दिसते: चमक पांढरी राहिली आहे किंवा 'ग्लॉस कंटूर' बदललेला नाही.
- अक्षर उशीसारखे फुगलेले दिसते: तंत्र 'स्मूद' आहे किंवा 'सॉफ्टन'चा आकडा वाढला आहे.
- अक्षर उठावाचे न वाटता खोदलेले वाटते: प्रकाश खालून येत आहे, कोन तपासावा.
- अक्षर हवेत तरंगते: टेकण्याच्या जागची दाट सावली राहून गेली आहे.
- चित्र लहान केल्यावर उठाव बेढब होतो: आकार बदलण्याच्या चौकटीत 'स्केल स्टाइल्स'वर खूण केलेली नाही. पिक्सेल कमी झाले, पण उताराचा आकडा तोच राहिला.
- शब्द वाचताच येत नाही: परिणामांची गर्दी झाली आहे. डोळे किलकिले करून पाहावे. शब्द लागत नसेल तर पोत आणि पट्टे कमी करावेत.

पडद्यावरून कागदावर

खरी निराशा अनेकदा छापखान्यात पदरी पडते. पडद्यावर लखलखणारी अक्षरे लग्नपत्रिकेवर मोहरीच्या रंगाची उतरतात आणि दोष छपाई करणाऱ्याला दिला जातो. वास्तविक दोष कोणाचाच नसतो. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. कागद तो केवळ परतवतो. चार रंगांच्या छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी एवढ्याच शाया असतात. त्यांपैकी कोणतीच धातूची नसते. कागद तिरका केला तरी छापील 'चमक' जागची हलत नाही, कारण ती चमक नसून चमकेचे चित्र असते. अशा छपाईसाठी फाइल आधीच 'सीएमवायके' पद्धतीत पाहून घ्यावी, उजळ व गडद यांतील अंतर थोडे वाढवावे आणि एक नमुना छापून पाहिल्याखेरीज पाचशे पत्रिकांची मागणी देऊ नये.

खरी झळाळी हवी असेल तर मार्ग वेगळे आहेत. धातूचे कण असलेल्या खास शाया मिळतात. पँटोन ८७७ ही चंदेरी शाई त्यांपैकी प्रसिद्ध. तापविलेल्या ठशाने सोनेरी पन्नी कागदावर दाबून बसविणे, म्हणजेच फॉइलिंग, हा लग्नपत्रिकांतील परिचित मार्ग आणि कागदच वर उचलणारे एम्बॉसिंग हा त्याचा जोडीदार. या कामांना मात्र फोटोशॉपमधील सुंदर चित्राचा काहीच उपयोग नाही. ठसा करणाऱ्याला ना ग्रेडियंट लागतो, ना सावली. त्याला हवी असते अक्षराची एकरंगी, काळीभोर, काटेकोर बाह्यरेषा. दुकानासाठी पितळी वा स्टीलची अक्षरे कापणाऱ्या कारागिराचीही हीच मागणी असते. म्हणून फलक किंवा पत्रिका पुढे प्रत्यक्ष धातूत वा पन्नीत जाणार असेल, तर मूळ शब्द इलस्ट्रेटर किंवा कोरल ड्रॉसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रचून, अक्षरे 'कर्व्ह' करून जपून ठेवावा आणि त्याचीच प्रत फोटोशॉपमध्ये आणून सजवावी. ग्राहकाला दाखविण्यासाठी चित्र आणि कारागिराला देण्यासाठी रेषा, अशा दोन्ही फाइली एकाच मुळातून निघाल्या की पुढचे गैरसमज टळतात.

२०१३मध्ये अॅपलने आपल्या मोबाइल प्रणालीतून चकाकत्या, उठावदार चित्रांना रजा दिली आणि जगभर सपाट रचनेची लाट आली. तरीही सुवर्णमहोत्सव, पुरस्कार, सणसमारंभ अशा प्रसंगी धातूच्या अक्षरांना असलेला मान ओसरलेला नाही. आता वर्णन लिहून चित्र मिळविण्याची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही हाताशी आहेत. त्यांच्याकडून मराठी अक्षरे करून घेतल्यास प्रत्येक जोडाक्षर तपासून पाहावेच लागते आणि मिळते ते केवळ चित्र, कारागिराला लागणारी रेषा नव्हे. साधन कोणतेही असो, घरातील एखादे पितळी भांडे खिडकीजवळ ठेवून त्यावरचे उजळ आणि गडद पट्टे दहा मिनिटे न्याहाळावेत. ग्रेडियंटचे थांबे कुठे द्यायचे, हे त्यावरून कोणत्याही तयार आकड्यांपेक्षा अधिक नेमके कळते.